वईतली फट

गेल्या महिन्यात आमच्या गावात चाऱ्याच्या बियाण्याची पाकिटं घेऊन एक तरुण आला होता. पेणच्या रामवाडीत कुठेतरी त्यांचं दुकान आहे म्हणे. देवळाच्या ओट्यावर त्याने माणसं जमवली, सगळ्यांना चहा पाजला, आणि एक पाकीट वर धरून विचारलं, "याला बरसीम म्हणतात. घासच आहे हा, पण कडधान्याच्या जातीचा. इथे आधी कुणी करून बघितलाय का?"

समोरचे सगळे खाली बघायला लागले. कुणी कपातला चहा बघतोय, कुणी चपलेचा अंगठा. बाळू म्हात्रे तर उठून चालता झाला. त्या पोराला वाटलं, अडाणी गाव दिसतंय, नावसुद्धा ऐकलेलं नाही. मग त्याने अगदी पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. भात निघालं की खाचरं रिकामी पडतात, तेव्हा हे पेरायचं, एका जागी चार-पाच कापण्या मिळतात, पान असं असतं, मूळ तसं असतं. मी मनात म्हटलं, अरे बाबा, तू शाळेत पाटी धरत होतास तेव्हापासून आमच्या गावाला हे पान माहीत आहे. आणि माहीत आहे म्हणूनच सगळ्यांची तोंडं शिवली आहेत.

घरी आलो तर मंदा, माझी बायको, दारातच. "वहिनींचा नाव काडला का कोणी?"

"नाय."

"काडनार पण नाय," ती म्हणाली आणि भांडी आपटत आत गेली.

ठीक आहे. कुणी काढत नसेल तर मी काढतो. कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरा उद्योग काय आहे!

सिंधूवहिनी आमच्या शेजारच्या. आमचं गाव गडबहून आत, डोंगराच्या अंगाला. त्यांचा नवरा गजादादा ट्रकवर ड्रायव्हर होता. पेणच्या मिठागरावरचं मीठ भरून घाटावर न्यायचा. फलटणच्या बाजूला रस्त्यालगत एका शेतकऱ्याच्या अंगणात तो गाडी लावून पाणी प्यायला थांबे. एकदा असाच मीठ घेऊन गेला आणि काही महिन्यांनी बायको घेऊन आला. गावात बोंबाबोंब. आमच्याकडे खाडीपलीकडची मुलगी आणली तरी लोक आधी दहा प्रश्न विचारतात, आणि ही तर घाटावरची! लुगडं वेगळं, भाकरी वेगळी, बोलणं तर विचारूच नका. "न्हाई" आणि "व्हय की" ऐकून बायका पदराआड हसायच्या. वहिनी कुणाला हसायला थांबवत नसत. मात्र पुढे पन्नास पावसाळे इथे काढले असते तरी त्यांचं "न्हाई" काही "नाय" झालं नसतं, एवढी ती बाई हट्टी.

आल्या त्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांचं आणि गावाचं वाजलं. भांडण कुणाशी नाही, गावाच्या रीतीशी. आमच्याकडे भात कापून झोडून झालं की गुरं उनाड सोडतात. उनाड म्हणजे अगदी मोकळी. दावं नाही, राखणदार नाही. सगळी खाचरं सगळ्यांची होतात. गुरं सकाळी जातात, संध्याकाळी आपापली घरी येतात, आणि पावसाळा तोंडावर आला की मग बांधायची. बापजाद्यांपासून चालत आलंय. आणि उगाच नाही चाललेलं. माणसाचे कष्ट वाचतात, शेण शेतात पडतं. माझ्या बापाची गुरंही अशीच फिरली आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. माघ संपला की गवत वाळून काडी होते, फाल्गुनात तीही संपते, आणि मग गुरं एस.टी.च्या थांब्यावर कागद चघळताना दिसतात. आम्हाला ते दिसायचं, पण दिसायचं म्हणजे रोजचंच.

वहिनींना ते बघवायचं नाही. शब्दशः बघवायचं नाही. एखादी हाडकुळी गाय समोरून आली की त्या मान फिरवायच्या. "भाऊजी," मला एकदा म्हणाल्या, "आमच्याकडं पाऊस पडत न्हाई. चार थेंब पडतात न् जातात. तरी आमच्या गोठ्यात उन्हाळ्यात हिरवं असतं. तुमच्याकडं आभाळ फाटतं आणि चैतात गुरं कागद खातात. ह्याला काय म्हणायचं?"

मी शिफ्टचं कारण सांगून सटकलो.

पुढच्या वेळी माहेराहून येताना त्या बरसीमचं बी घेऊन आल्या. पिवळट, बारीक, मोहरीहूनही बारीक. आणि त्याबरोबर एक गोणी. गोणीत माती! एस.टी.च्या कंडक्टरशी भांडून, सीटखाली ठेवून आणलेली माती. विहिरीवरच्या बायकांना महिनाभर पुरेल एवढा विषय झाला. मंदा त्यांची त्यातल्या त्यात मैत्रीण, तीसुद्धा म्हणाली, "काय गो, लोका म्हायेराशी लाडू आन्तान, तू माती आनलीस?"

"जिथं हा घास कधी झालाच न्हाई, तिथली माती त्याला वळखत न्हाई गं," वहिनी म्हणाल्या. "वळख करून द्यायला आणली." आणि खरोखरच ती माती त्यांनी वाफ्यांत मुठीमुठीने विस्कटली. ज्या मातीत हे पीक होऊन गेलंय तिच्यात त्याला लागणारे जिवाणू असतात, हे परवा त्या पोराने ओट्यावर सांगितलं. त्याच्याकडे त्याची पुडी होती. वहिनींकडे गोणी होती.

बी पेरण्याआधी त्या मिठाच्या पाण्यात टाकायच्या. हलकं बी आणि भेसळीचं तणाचं बी वर तरंगायचं, ते फेकायचं. तळाचं धुऊन घ्यायचं. मीठ मिठागरावरच्या बायका टोपल्यांतून विकायला आणत, त्यांच्याकडून. पहिल्या वर्षी काहीच आलं नाही. कार्तिकात भात निघालं आणि वर अवकाळी पाऊस आला, बी कुजलं. दुसऱ्या वर्षी वाफा एका अंगाला उतरता राहिला, अर्धा बुडाला, अर्धा भेगाळला. गजादादा मला म्हणायचा, "बोलू काय तिला? पन बोललो तं जेवन नाय मिलाचा." तिसऱ्या वर्षी मात्र विहिरीलगतच्या त्या खाचरात असं काही हिरवंगार उठलं की हायवेला जाणारे लोक वाट वाकडी करून बघायला यायचे. चहूकडे सगळं तांबूस, कोरडं, आणि मधेच हा ओला तुकडा. थोडा ओटचा चाराही मिसळलेला असायचा त्यात, पहिल्या कापणीला वजन यावं म्हणून.

त्या कापायला बसल्या की मला आमच्या पडवीतून दिसत. उकिडव्या बसून, विळा आडवा धरून, चार बोटं बुंधा ठेवून सरळ रेघेत पुढे सरकायच्या. कापलेला घास लगेच गुरांना कधीच टाकायच्या नाहीत. आंब्याच्या सावलीत पसरायचा, मलूल होऊ द्यायचा, मग पेंढ्यात मिसळायचा आणि मग पुढ्यात. "कोवळा, दवाचा, उपाशी पोटी खाल्ला की गाय ढोलावानी फुगती," हे त्या येईल त्याला सांगायच्या. ऐकणारे हो हो म्हणायचे. ज्यांच्याकडे घासच नाही त्यांनी हे ऐकून करायचं काय?

गुरं रवंथ करायला लागली की मगच वहिनी ताटावर बसणार. पाहुणा असो, सण असो. गजादादाचा स्वभाव गरीब, तोही मुकाट थांबायचा. त्यांच्याकडे एक म्हैस होती आणि तांबू नावाची गाय, घरच्याच वासरापासून वाढवलेली. तांबू त्यांच्या मागे मागे फिरायची. वहिनी विहिरीवर तर तांबू विहिरीवर. वहिनी आमच्याकडे विरजण मागायला आल्या तर तांबूची मान आमच्या खिडकीत. मंदाने कितीदा तरी तिला फडक्याने हाकललं असेल.

आमच्या मोठ्या मुलीच्या लग्नातली गोष्ट सांगतो. वरपक्ष नागोठण्याच्या पुढचा, चांगला बागायतदार, दोनमजली घर. आम्ही आपले हात जोडून, मान खाली घालून. लग्न लागलं, पंगती बसल्या, आणि वहिनी दिसेनात. दिसल्या तेव्हा व्याह्यांच्या गोठ्यातून बाहेर येत होत्या. सरळ मांडवात आल्या, व्याह्यांच्या समोर उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "आवो पावनं, तुमच्या बैलाच्या बरगड्या मोजून आले मी. आमची पोर जेवंल न्हवं इथं?"

माझ्या हातातलं जिलबीचं ताट खाली पडायचं बाकी राहिलं. मला त्या क्षणी वहिनींचा असा राग आला होता की आजही आठवला तरी कान तापतात. व्याही तांबडेलाल झाले. मग त्यांची म्हातारी आई पंगतीतूनच ओरडली, "बराबर बोल्ली ती! मी रोज सांगते, माजा कोन ऐकतंय?" आणि हसू फुटलं. पण मुलगी माहेरपणाला आली तेव्हा तिने सांगितलं, बैलाला आता पेंड मिळते, आणि सासरे मला दोनदा विचारतात, पोरी जेवलीस का. मी ते वहिनींना काही कळवलं नाही. आधीच काय कमी डोक्यावर बसल्या होत्या!

गजादादा गेला, लेक वैशाली लग्न होऊन रोह्याजवळ अष्टमीला गेली, आणि वहिनी एकट्या राहिल्या. एकट्या म्हणजे म्हैस, तांबू आणि तो हिरवा तुकडा. त्यांचं खरं दुखणं तेव्हा सुरू झालं. गजादादा होता तोवर उनाड गुरं हाकायला पुरुषमाणूस होता. आता सगळ्या गावाची गुरं त्या हिरव्याकडे ओढ घ्यायची. त्यांनी देवळात गावकी बोलावून विनंती केली, होळीपर्यंत तरी गुरं बांधा, किंवा निदान राखणीला माणूस ठेवा. नाना पाटील आमच्यातले जाणते. ते म्हणाले, "सिंधू, तुज्या एका खाचरासाटी अख्ख्या गावानं गुरा बांधून ठेवाची? चारा कुठशी आनाचा?"

"हाच तर चारा हाय की! सगळ्यांनी करा," वहिनी म्हणाल्या.

"पानी कुठं हाय सगल्यांना? तुज्याकडं हीर हाय."

खरं होतं तेही. कुणाचंच खोटं नव्हतं, म्हणूनच ते मिटलं नाही. वहिनींनी मग करवंदीच्या आणि बाभळीच्या काट्या तोडून चौफेर वई घातली. वई म्हणजे काट्यांचं कुंपण. ती छातीएवढी उंच आणि चांगली दाट होती. दर दिवाळीनंतर हात रक्ताळून घेत त्या ती नव्याने भरायच्या. बांगड्यांच्या वर कोपरापर्यंत त्यांचे हात कायम ओरखडलेले असायचे.

आणि आता बाळू म्हात्रेच्या गायीची गोष्ट. ती सांगायची म्हणूनच इतका वेळ इकडचं-तिकडचं बोलत बसलो आहे.

बाळूची गाय चांदी. पांढरी, वयाने जरा उतरलेली, गाभण. बाळू कंपनीत कंत्राटावर कामाला, कधी काम असतं, कधी नसतं; घरात कमळ, त्याची बायको, आणि दुधाला आसुसलेलं लहान पोर. त्याची जमीन डोंगराकडे, भात सोडून काही होत नाही. त्या वर्षी चांदी उनाड फिरायची आणि दुपारी येऊन वहिनींच्या वईला नाक लावून उभी राहायची. बाकीची गुरं काटे बघून पुढे जात. ही जात नसे. नुसती उभी, बघत.

वहिनी किती दिवस मान फिरवणार? एक दिवस त्यांनी सावलीतला मलूल झालेला घास कवेत घेतला, पेंढा मिसळला, आणि वईच्या काट्या बाजूला सारून त्या फटीतून चांदीच्या तोंडापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशीही ठेवला. मग रोजच. बाळूला सांगितलं नाही. बाळू गरीब, पण मानी. माझ्या गुराला दुसऱ्याचं नको म्हणाला असता. मंदालाही सांगितलं नाही, कारण मंदाच्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक.

शिमगा व्हायचा होता. वैशालीला कळा सुरू झाल्याचा फोन आला आणि वहिनी मिळेल त्या रिक्षाने अष्टमीला गेल्या. जाताना मंदाला सगळं समजावून गेल्या. म्हशीला एवढं, तांबूला एवढं, आधी पेंढा, मग घास, पाणी नंतर. चांदीचं नाव घेतलं नाही. त्यांना वाटलं असेल, दोन-चार दिवसांचा तर प्रश्न.

त्या दोन-चार दिवसांत चांदी वेळेवर येऊन फटीपाशी उभी राहत होती. मंदाने पाहिलं, पण तिला काय कळणार? एका सकाळी, दव अजून पानांवर असताना, चांदीने त्या फटीत मान घातली, मग खांदा घातला, आणि वई मोडून आत गेली. वई तिथेच पातळ झाली होती. रोज हात घालून घालून वहिनींनीच ती पातळ केली होती.

मला दिसली तेव्हा ती वाफ्याच्या मधोमध उभी राहून अधाशासारखी खात होती. आम्ही ओरडत धावलो, बाहेर काढली. ती विहिरीवरच्या दोणीत पोटभर पाणी प्यायली, आणि थोड्याच वेळात तिची डावी कूस वर यायला लागली. बघता बघता पोट ताणलं. बाळू आला, कमळ पोराला काखेत मारून आली. पेणच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला, ते निघाले पण हायवेला अडकले. मी वहिनींना फोन लावला. पलीकडून त्या किंचाळत होत्या, "बसू देऊ नका तिला! पुढचे पाय उंचावर घ्या! गोडंतेल पाजा, तोंडात आडवी काठी बांधा!" बाळूने सगळं केलं. तेल आणायला कमळ अनवाणी पळाली. गाय जीभ बाहेर काढून श्वास घेत होती आणि बाळू तिच्या मानेला धरून "बसू नको गो, बसू नको माजे बाय" म्हणत होता. तेल पोटात गेलं आणि चांदी कोसळली. पोटातल्या वासरासकट गेली. डॉक्टर आले तेव्हा बाळू तिच्याजवळ मातीत बसला होता. असं बसलेलं माणूस मला पुन्हा बघायचं नाही.

वहिनी दुपारी पोचल्या. लेकीला मुलगा झाला होता, पेढ्याचा पुडा हातात तसाच. तोवर गावात विष हा शब्द फिरला होता. डॉक्टर सांगत होते, विष नाही, पोटफुगी आहे, कुणी ऐकेना. "इष नाय तं मेली कशी? ते घासानंच मेली ना?" आणि तेही खोटं कुठे होतं!

संध्याकाळी देवळात गावकी बसली. नाना पाटलांनी विचारलं, "सिंधू, काय बोलाचा हाय तुला?" मला वाटलं, आता ही बाई उसळणार. म्हणणार, माझी वई मोडून तुमची गाय आत आली, गुरं मोकाट तुम्ही सोडता, आणि मला विचारता? म्हणाल्या असत्या तर निम्मं गाव गप्प बसलं असतं. मीसुद्धा त्यांच्या बाजूने बोलायला घसा खाकरून ठेवला होता.

वहिनी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चांदीला सवय मी लावली. रोज फटीतनं चारत हुते. बाळूला ठावं न्हवतं. मी गेले आणि ती वाट बघत ऱ्हायली."

मग बाळू उठला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "काकी," तो म्हणाला, "माजी गाय तुमी भिकारी केलीत. उपाशी होती पन माजी होती. आता आमच्या गुराला तुमची काडी पन नको. शपथ घ्या."

वहिनींनी देवळाच्या पायरीला हात लावून शपथ घेतली. गावातल्या कुणाच्या गुराला पुन्हा चारा घालणार नाही आणि हे पीक पुन्हा पेरणार नाही. पेरायचं नाही ही शपथ कुणी मागितली नव्हती, ती त्यांनी आपणहून घेतली. नाना पाटीलही म्हणाले, "तवरा नको गो," पण त्या घरी निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तांबूला दावं लावून बाळूच्या अंगणात गेल्या. बाळू घरातून बाहेरच आला नाही. कमळ आली. ती म्हणाली, "काकी, नको. ते रागावतील."

"तुझ्या पोराला दूध लागतं का न्हाई? त्याच्यासाठी देते. त्याला सांग, भीक न्हाई ही. देणं हाय माझं."

कमळने दावं हातात घेतलं. आत बाळू खोकला, पण नको म्हणाला नाही.

माणसांचा हिशेब तिथे मिटला असेल. गायीचा कसा मिटावा? बाळूने तांबूला रीतीप्रमाणे उनाड सोडलं. दुसरं काय करणार, बांधून घालायला त्याच्याकडे चारा होता कुठे? आणि तांबू सुटली की सरळ वहिनींच्या दारात. रोज सकाळी. दारात उभी राहून हंबरायची. आत गोठ्यात म्हैस बरसीम खात असायची, त्याचा वास हिला यायचा. वहिनी दार लावून घ्यायच्या. मग न राहवून बाहेर यायच्या आणि पुढे चालायला लागायच्या, तांबू मागे. अशा त्या दोघी बाळूच्या अंगणापर्यंत जायच्या, वहिनी कमळला हाक मारायच्या आणि एकट्या परत यायच्या. घासाची काडी कधी दिली नाही. शपथ म्हणजे शपथ. तांबूच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. वहिनी आमच्याकडे यायच्या, बसायच्या, मंदाने पुढे ठेवलेला चहा तसाच निवायचा. "भाऊजी, माझ्या हातानं मी तिला उपासाला धाडली," एवढंच एकदा बोलल्या. रडल्या नाहीत. मंदा मात्र रडली, आणि मलाही तिथे बसवेना.

एक दिवस बाळूच त्यांच्या दारी आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "काकी, तुमी तिला रोज आनून सोडता, म्हनून तिला आमचा घर लागत नाय. ती तुमच्या पायामागं येतेय. कमळ डोंगराशी हिरवा पाला आनते तिच्यासाटी, ती घरात थांबली तं खाईल ना! एकदा मारा तिला. चांगली मारा. मंग नाय येनार."

तो गेल्यावर वहिनींनी कुंपणावरून मला विचारलं, "खरं बोलतोय का वो त्यो?"

मी म्हटलं, "खरं बोलतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत दात घासत होतो. तांबू आली. वहिनी बाहेर आल्या त्या हातात निरगुडीचा फोक घेऊन. तांबूने रोजच्यासारखी मान लांब केली, गळ्याखाली खाजवून घ्यायला. वहिनींनी फोक उगारला आणि तिच्या पाठीवर मारला. गाय हलली नाही. तिला ते कळलंच नाही. ती वहिनींच्या हाताचा वास घ्यायला लागली. मग वहिनींनी "जा! जा म्हंते न्हवं!" असं ओरडत सपासप फटके मारले, तोंडावर, पायांवर, आणि मी तोंडातला फेस थुंकायचा विसरून उभा राहिलो. तांबू बिथरली, मागे सरली, वळून एकदा बघितलं, आणि शेपूट वर करून पळाली. ज्या बाईने जन्मात गुरावर हात उगारला नव्हता, ती रस्त्यात उभी राहून धापा टाकत होती.

तांबू परत आली नाही. बाळूकडे थांबायला लागली, डोंगरचा पाला खायला लागली, अंगावर थोडी भरलीही. बाळूचं पोर तिचं दूध प्यायला लागलं. झालं ते चांगलंच झालं, असं गाव म्हणालं.

वहिनी मात्र रोज सकाळी दार उघडून आधी वाटेकडे बघायच्या.

बरसीम फुलावर आला, पांढऱ्या गोंड्यांनी खाचर भरलं, त्यांनी शेवटची कापणी केलीच नाही. म्हैस भावकीत देऊन टाकली. वैशाली न्यायला आली तेव्हा त्यांनी एका शब्दानेही नकार दिला नाही, याचंच मला नवल वाटलं. पुढे अष्टमीला त्या फार दिवस राहिल्या नाहीत. पावसाळ्यात ताप आला आणि गेल्या. आम्हाला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं, त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गाव सोडून जायच्या दिवशीच.

दारात टेम्पो उभा होता. सामान ते काय, दोन ट्रंका आणि गाद्या. वैशाली तान्ह्याला घेऊन पुढे बसली होती, "आई, चल ना गो," म्हणून हाका मारत होती. मंदा वहिनींचा हात धरून उभी होती. तेवढ्यात गुरं आली. बाळूच्या आळीतून निघून, आमच्या दारावरून, पाण्यावर जायला. त्यांच्यात तांबू होती. वहिनींनी मंदाचा हात सोडला आणि त्या दोन पावलं पुढे झाल्या.

तांबूने त्यांना पाहिलं. ती थबकली, कान मागे टाकले, आणि अंग चोरून रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेला गेली. तिथून गटाराला घासत, बाकीच्या गुरांच्या आड लपत, लगबगीने पुढे निघून गेली.

वहिनी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. मग पदराने हात पुसले.

"शिकली," म्हणाल्या, आणि टेम्पोत चढल्या.